धुतलेल्या पायांचा आचारी

उमरीत आमच्या गल्लीत लग्नाची तारीख धरायची म्हणजे लोक आधी दिगंबरमामाकडं यायचे, मग भटजीकडं जायचे. भटजी दुसरा मिळतो, त्याला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. मामानं "त्या दिवशी मोकळा हाय मी" म्हटलं की तोच मुहूर्त.

मामा आचारी. अंगानं काडी. आचारी म्हणजे पोट सुटलेला माणूस असं लोकांना वाटतं, म्हणून नवे पाहुणे मामालाच विचारायचे, आचारी कुठं गेलाय. त्याचं आणि माझं घर भिंतीला भिंत. वयानं तो माझ्याहून थोडाच मोठा, पण सगळं गाव मामा म्हणायचं म्हणून मीही म्हणायचो. त्याच्या हाताखाली म्हणणार नाही, त्याच्या बरोबरीनं मी उभी हयात पुऱ्या तळल्या. शाळेत मी तिसरीपर्यंत होतो, पुढं मास्तरचं आणि माझं जमलं नाही. तरी लिहायला बसलो, कारण मामा गेल्यापासून जो तो त्याच्या येसराच्या, म्हणजे भाजल्या धान्याच्या मसालेदार पिठाच्या आमटीचं सांगतो, आणि ती आमटी ज्या पायांवर उभं राहून केली त्यांचं कुणी सांगत नाही. मी पायांचंच सांगणार. ज्याला किळस येते त्यानं इथंच थांबावं.

मामाचा कायदा एकच. भट्टी पेटवायच्या आधी तो तिच्याभोवती चुन्याची रेघ ओढायचा. रेघेच्या तोंडाशी पाण्याचं टिपाड आणि तांब्या. चप्पल बाहेर काढायची, घोट्यापर्यंत पाय धुवायचे, मगच आत. लाकूड आणायला बाहेर गेलात, परत धुवा. बिडी प्यायला गेलात, परत धुवा आणि चूळही भरा. "अन्नाला डोळे असत्यात," तो म्हणायचा. "त्याला आपले पाय दिसत्यात."

तो स्वतः दिवसातून किती वेळा पाय धुवायचा त्याला गणती नाही. धुतले की तसेच निथळते पाय घेऊन आत. आत जमिनीवर तांदूळ धुतल्याचं पाणी, भाजीचं पाणी, सांडलेलं वरण. पहाटेपासून शेवटची पंगत उठेपर्यंत त्या पायांना कोरडं म्हणून ठाऊक नव्हतं. लग्नसराईत तर आज हे गाव, उद्या ते.

नांदेडला एका लग्नात नवरदेवाचे थोरले काका आले. कुठल्याशा हापिसात वरच्या खुर्चीवर होते. पायात चकचकीत बूट. बुंदी कुठवर आली ते बघायला म्हणून बुटांसकट रेघेच्या आत शिरले. मामानं झारा कढईवर आडवा ठेवला आणि खालची जळती लाकडं एक एक करून बाहेर ओढली.

"अहो, बंद कशाला केलं?" काकांनी विचारलं.

"पाहुणे, लग्न तुमचं हाय. भट्टी माझी हाय. पाय धुऊन या, मंग पेटवतो."

मांडवात पानं मांडलेली, माणसं बसलेली. काका लाल झाले, इकडंतिकडं बघितलं, कुणी मदतीला येईना. शेवटी बूट काढले, मोजे काढले, पँट वर धरून गुपचूप पाय धुतले. मामानं लाकडं परत सारली आणि पहिल्या घाण्याची गरम बुंदी द्रोणात घालून त्यांच्याच हातात दिली. पुढं त्यांच्या घरची सगळी कार्यं मामाकडंच आली.

तसा माणूस सोपा नव्हता. काही चाखायचा नाही, देवाला दाखवायच्या आधी जीभ लावायची नाही म्हणून. वाफेवर तोंड धरायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, मीठ कमी हाय. मी मुद्दाम एकदा म्हटलं, मीठ बरोबर आहे, मी टाकलंय. तर म्हणाला, "किसन्या, तू टाकलंस म्हणूनच म्हणतो." डेगीशी बोलायचा, जाळाला रागवायचा, तेलाची समजूत काढायचा. माणसांशी मात्र बेतानं. शेवटचा वाढपी जेवल्याशिवाय पाट घ्यायचा नाही. त्याची बायको लवकर गेली. एकच पोरगी, सुनंदा, तिला शिकवली, ती लातूरला शाळेत बाई झाली. पोरगी बाई झाल्याचं तो इतक्या वेळा सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या आधी कुणाची पोरगी शिकलीच नव्हती.

आता पाय. आमच्या धंद्यात चिखल्या सगळ्यांनाच. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, फुगते, सोलून निघते, वास येतो, आणि खाज अशी की माणूस उभ्या उभ्या पाय पायावर घासतो. आम्ही मेंदी लावायचो, एरंडेल लावायचो, हळद तर हाताशीच असायची. थोडं कमी व्हायचं, पुढच्या लग्नाला परत यायचं. कुणी त्याला रोग म्हणायचं नाही. न्हाव्याच्या बोटाला जसा घट्टा, तशा आचाऱ्याच्या पायाला चिखल्या.

हिमायतनगरच्या एका लग्नात मामाला उभं राहवेना. तिथल्या कुणीतरी मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. कुठल्या डॉक्टरनं लिहिली नव्हती, कुणी विचारलंही नव्हतं. मामानं लावली, आणि सकाळी उठला तर खाज नाही. लालपणाही उतरलेला. त्यानं मला पाय दाखवले, नवीन जोडा दाखवावा तसे.

तिथून ती ट्यूब त्याच्या बंडीच्या खिशात चुन्याच्या डबीशेजारी कायमची बसली. संपत आली की शेपटाकडून गुंडाळत आणायचा, अगदी बिडीएवढी होईपर्यंत. मग ती चपटी झालेली रिकामी ट्यूब मेडिकलच्या काचेवर ठेवायची आणि म्हणायचं, "हीच. दुसरी देऊ नको." आमच्याकडं औषध घ्यायची हीच रीत. नाव कुणाला वाचायचं असतं? रिकामं दाखवायचं, भरलेलं घ्यायचं. मेडिकलवालाही तिकडं बघून मागच्या फळीवरून काढून द्यायचा.

एवढ्यावर थांबला असता तर तो मामा कसला. चांगली गोष्ट एकट्यानं खायची त्याला माहीतच नव्हतं. पुऱ्या लाटणाऱ्या बायांना एक एक ट्यूब, लाकडं फोडणाऱ्याला एक, मला एक. शेवंताबाई आमच्यात सगळ्यात जुनी, कणीक मळायची, तोंडानं तिखट. तिच्या हाताच्या बोटांच्या बेचक्यातही पांढरं पडायचं. मामानं तिला भर मांडवात ट्यूब दिली तर ती म्हणाली, "लुगडं देत्यात लोक. ह्यो मलम देतो." पण घेतली, आणि लावलीही. मीही लावली. पहिल्या दिवशी बरं वाटलं हे मी आजही नाकारणार नाही. मला तिचा चिकटपणा आवडेना म्हणून सोडली, त्यात माझं शहाणपण काही नव्हतं.

मामानं सोडली नाही. दोन दिवस नाही लावली की खाज दुपटीनं उसळायची, म्हणून परत लावायची. वर्षं गेली. बेचक्यातलं पावलावर चढलं, पावलावरून घोट्याकडं निघालं. गजकर्णासारखं म्हणावं तर कडा दिसत नव्हती, नुसतं पुसट तांबूस. वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली, आतल्या शिरा दिसायला लागल्या. जरा कशाला लागलं की रक्त. मी त्याला म्हणालो, जे रोजच्या रोज लावावं लागतं ते औषध कसलं?

"तू रोज जेवतोस का न्हाई?" तो म्हणाला.

मी तरी बरंच बोललो, चार दिवस अबोलाही धरला, पण त्याला फरक पडला नाही.

मग नायगावकडचं ते लग्न. सकाळपासून मामाचा डावा पाय जड वाटत होता. दुपारी धोतर वर गेलं तेव्हा मला दिसलं, घोट्यापासून पोटरीपर्यंत पाय सुजलेला, लालभडक, तुकतुकीत. हात लावला तर तवा. अंगात ताप भरलेला, दात वाजत होते. मी म्हटलं, बस. तर म्हणाला, "मागं पंगत हाय." शेवटची पंगत उठेपर्यंत तो डेगीच्या कडेला धरून उभा राहिला. उठली तशी तांदळाच्या पोत्यावर बसला तो परत उठला नाही. आम्ही त्याला उचलून जीपमध्ये घातलं.

सुनंदा आली आणि त्याला लातूरला घेऊन गेली. मीही गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, पण तो एकटा गेला असता तर डॉक्टरलाच पाय धुवायला लावलं असतं. तिथल्या दवाखान्यात सुया चालल्या, सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, बोटांच्या भेगांतून जंतू आत शिरले, आणखी उशीर झाला असता तर पायाचं काही सांगता आलं नसतं. सूज उतरली तेव्हा त्यांनी कातडीच्या डॉक्टरीणबाईकडं पाठवलं.

बाई सुनंदाच्याच वयाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी मामाचा पाय आपल्या मांडीवरच्या कापडावर घेतला, तेव्हा मामा लाजून पाय मागं ओढायला लागला. त्यांनी पात्यानं कातडीचा जरासा भुगा खरवडला, आत नेऊन यंत्राखाली बघितला आणि विचारलं, आजवर काय काय लावलं. मामानं मोठ्या ऐटीत खिशातून ट्यूब काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती उलटीसुलटी केली. बारीक अक्षरं वाचली. रागावल्या नाहीत.

"काका, यात स्टिरॉइड आहे. ही ट्यूब खाजेला झोपवते. पायावर बुरशी आहे, ती जागीच राहते. अंग तिच्याशी भांडत असतं म्हणून खाज आणि लाली येते. ही लावली की भांडण थांबतं आणि बुरशीला रान मोकळं."

मामा म्हणाला, "पण गुण तर आला की, बाई."

"गुण दिसला. आला नाही."

मग त्यांनी सांगितलं ते असं. ही ट्यूब आजपासून बंद. बंद केल्यावर आधी खाज वाढेल, पाय लाल होतील, तेव्हा घाबरून परत हिच्याकडं जायचं नाही. बुरशीचं वेगळं मलम आणि गोळ्या, त्या पुष्कळ आठवडे. दिसायला पाय बरा झाला तरी त्या सांगेपर्यंत सोडायचं नाही. एकाचं मलम दुसऱ्याला द्यायचं नाही. आणि दिवसभर ओल्यात अनवाणी उभं राहणं बंद, कामावर पायात चप्पल पाहिजे.

चपलेचं ऐकून मामानं मान दुसरीकडं वळवली. एकाचं मलम दुसऱ्याला द्यायचं नाही, हे मात्र त्यानं परत विचारून घेतलं. बाहेर आल्यावर पायरीवर बसला आणि म्हणाला, "किसन्या, मी तर गावाला वाटलं रं."

उमरीला परत आलो तर घरी न जाता लंगडत लंगडत तो एकेकाच्या दारात गेला. मी त्याच्या मागं. माफी मागायचा त्याचा स्वभाव नव्हता. दारात उभं राहून एवढंच म्हणायचा, "ती ट्यूब माघारी द्या. खराब निघाली." शेवंताबाईनं कमरेवर हात ठेवले.

"देताना देव झालतास. आता न्यायला आलास व्हय?"

"हाव. आन् नुसती नेत न्हाई. हात दाखव." तिनं हात पुढं केला. त्यानं बेचकं बघितलं, ते त्याच्या पायासारखंच पुसट तांबूस झालं होतं. त्याचा चेहरा उतरला. "लातूरला चल. सुनंदा नेईल तुला त्या बाईकडं." शेवंताबाई एरवी कुणाचं ऐकत नाही. त्या वेळी गेली, आणि बरी होऊन आली.

गोळा केलेल्या सगळ्या ट्यूबा त्यानं माझ्याकडं ठेवायला दिल्या. स्वतःच्या घरात ठेवायची त्याला भीती वाटत होती.

बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. खाज उसळली. मामा अंगणात बाजेच्या दोरीवर तळवे घासायचा, थंड पाण्याच्या घड्याला पाय टेकवून बसायचा, कधी आईची आठवण काढायचा. नवीन मलम इमानानं लावत होता, पण त्या मलमाला लगेच गुण दाखवायची सवय नव्हती. एक दिवस दुपारी तो माझ्या दारात आला. डोळे लाल.

"एक ट्यूब दे."

"न्हाई."

"अरे, बोटाच्या टोकाएवढी. सुनंदाला कळत न्हाई."

"न्हाई म्हणलं ना."

"माझी हाय ती. माझी वस्तू ठेवून घेतोस, चोर हाईस का?"

मी त्याला आत बोलावलं आणि दार उघडझाप करून दाखवलं. आमचं दार जन्मापासून कुरकुरायचं, त्याच्या घरात आवाज जायचा. आता आवाज नव्हता. सगळ्या ट्यूबा मी बिजागऱ्यांना पिळल्या होत्या, पुढच्या दाराच्या, मागच्या दाराच्या, कपाटाच्यासुद्धा.

मामानं स्वतः दार दोनतीनदा ढकललं. "दाराला मात्र गुण आला," म्हणाला, आणि ओट्यावर बसून हसला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते हसण्याचं का खाजेचं मी विचारलं नाही. ऊन कलेपर्यंत आम्ही तिथंच बसलो. मी त्याला जुन्या लग्नांच्या भांडणात गुंतवून ठेवलं. तो दिवस निघाला, मग पुढचेही निघाले.

गोळ्या संपत गेल्या तशी घोट्याकडची लाली मागं हटली. बेचक्यांत कातडी भरली. पातळ झालेली कातडी मात्र पहिल्यासारखी जाड झाली नाही, ती होता होता होईल असं बाई म्हणाल्या.

पाय वाचला, पण भट्टी गेली. मामा चप्पल घालून रेघेच्या आत जाणार नाही, आणि सुनंदा त्याला अनवाणी जाऊ देणार नाही. दोघंही एकमेकांना बाप-लेक शोभणारी. लग्नाची माणसं यायची, तर मामा सांगायचा, दुसरा बघा. झारा, डेग, सगळं घासून उपडं घातलं. दुपारी नुसता ओट्यावर बसायचा. जेवण कमी झालं. एकदा माझ्या घरच्या वरणाची वाफ त्याच्याकडं गेली तर भिंतीपलीकडून मीठ कमी असल्याचं सांगितलं नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

मग सुनंदाच्या पोरीचं, त्याच्या नातीचं लग्न लातूरला ठरलं. जेवणाचं कंत्राट केटररला. मामानं पाहुण्यासारखं पुढच्या खुर्चीवर बसायचं, असं ठरलं होतं. आधी पाय दाखवायला म्हणून आम्ही डॉक्टरीणबाईकडं गेलो. बाईंनी बोटं फाकवून बघितली, छान म्हणाल्या. मामा उठेना.

"बाई, एक इचारतो. नातीच्या लग्नाला एक डेग आमटी करीन म्हणतो. चप्पल घालून भट्टीपाशी जाणं मला जमणार न्हाई, मेलो तरी. पाय धुतल्याबगर जाणं पण जमणार न्हाई. मंग सांगा, जाऊच नको का?"

सुनंदा मध्ये बोलायला लागली, बाईंनी तिला हातानं थांबवलं. विचार केला.

"धुवायला मी कधी नको म्हटलं, काका? धुवा की. पण धुतल्यावर पुसता का?"

मामानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. इतक्या वर्षांत आमच्या टिपाडाशेजारी कुणी फडकं ठेवलं नव्हतं. देवाला पाणी घातल्यावर देवाला पुसतो, पण पायांचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाई म्हणाल्या, एकच डेग, थोडा वेळ, खाली कोरडी फळी टाकायची, पाणी सांडू द्यायचं नाही, आणि प्रत्येक वेळी बोटाबोटामध्ये पुसायचं, स्वतःचं वेगळं फडकं, रोज धुऊन उन्हात. घरी आल्यावर मात्र चप्पल.

"बोटाबोटात," मामा पुटपुटला, मंत्र पाठ करावा तसा.

लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयाच्या मागं, केटररच्या गॅसच्या शेगड्यांपासून दूर, एका कोपऱ्यात त्याची एकटी भट्टी पेटली. चुन्याची रेघ ओढली. फळ्या मी टाकल्या, लाकडं मी सारत होतो, पुऱ्यांचा मान केटररनं घेतला होता त्यावर मी काही बोलणार नाही. आमटीला उकळी आली, येसराचा वास कार्यालयभर गेला. केटररची बूट घातलेली पोरंसुद्धा रेघेपर्यंत येऊन थांबत होती. तेवढ्यात अक्षता पडायची वेळ झाली म्हणून सुनंदा मामाला बोलवायला आली. तो चप्पल घालून गेला, नातीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि परत आला.

तोवर पंगत बसली होती. भात वाढून झाला, आमटीसाठी माणसं थांबलेली. वाढपी रिकाम्या बादल्या घेऊन ओळीनं उभे. नवऱ्या मुलाचे वडील स्वतः मागं आले, आणि त्यांच्या मागं सुनंदा. मामानं चप्पल काढली, तांब्यानं पाय धुतले आणि रेघेबाहेरच्या खुर्चीवर बसला. खांद्यावरची पांढरी दस्ती घेतली. डावं पाऊल उजव्या मांडीवर ठेवलं आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. एक बोट बाजूला करायचं, दस्तीचं टोक आत घालायचं, दाबायचं, बघायचं, मग पुढचं.

व्याही घाम पुसत म्हणाले, "मामा, पंगत खोळंबली हो."

मामानं मान वर केली नाही. "खोळंबू द्या, व्याही," तो म्हणाला. "करंगळीचं बेचकं राहिलंय."

सुनंदानं तोंडाला पदर लावला. ते बेचकं पुसून झालं, दुसरा पाय झाला, दस्ती पुन्हा खांद्यावर गेली. मग मामा उठला आणि रेघ ओलांडून डेगीकडं गेला. फळीवर ओलं पाऊल उमटलं नाही.